हाताच्या मापाची पन्हळ

फिरत्या रुळात किंवा ढोलात माल सोडताना धोका एका ठरावीक जागी असतो: यंत्राची ओढ सुरू होते आणि हात अजून मागे आलेला नसतो. गव्हाच्या मळणी यंत्रातील ढोलाचे दाते सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने फिरतात. धोका जाणवून हात मागे घेण्यास माणसाला निदान ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात दाते ४ मीटर पुढे गेलेले असतात. केवळ सावधपणा येथे अपुरा पडतो. अंतरच राखावे लागते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण सक्तीचे केले. शेतातील खळे मात्र त्या कक्षेबाहेर राहिले. हरितक्रांतीनंतर पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेशात मळणी यंत्रे झपाट्याने पसरली आणि घास देणाऱ्या मजुरांचे हात तुटू लागले. १९७९ मध्ये भारतीय मानक संस्थेने सुरक्षित रचनेचे मानक काढले: घास देण्याची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातील ढोलाकडची ४५ सेंटिमीटर झाकलेली. हात ढोलापर्यंत पोहोचूच नये, हा त्यामागचा हिशेब. १९८३ च्या धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियमाने उत्पादकावरही जबाबदारी टाकली व अपघातग्रस्तांसाठी भरपाईची तरतूद केली.

अपघातानंतर मजुराच्या बेफिकिरीची चर्चा आजही होते. तिच्याआधी पन्हळीची लांबी मोजली पाहिजे.