सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर होतं, मग चाकण-भोसरीचे लघुउद्योजक प्रत्यक्ष भेटीगाठींना का जातात?

ड्रॉइंग ईमेलवर येतं, मशीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, कोटेशन मोबाईलवरून पाठवता येतं. तरीही पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातले छोटे कारखानदार बैठका आणि प्रदर्शनांसाठी वेळ काढतात. काही ठिकाणी त्यासाठी फीही भरतात. त्यातून त्यांना नेमकं मिळतं काय?

हा पट्टा चालतो कसा?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली. साठच्याच दशकात बजाज आणि टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, इथे आल्या. पुढे चाकणमध्ये बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले.

पण गाडीतले सगळे भाग ही मंडळी स्वतः बनवत नाहीत. मोठी कंपनी ‘टियर वन’ पुरवठादाराला ऑर्डर देते, तो पुढच्याला, आणि शेवटी काम येतं भोसरीतल्या एखाद्या गाळ्यात. एकाच पार्टचं फोर्जिंग एकीकडे होतं, मशीनिंग दुसरीकडे, हीट ट्रीटमेंट तिसरीकडे आणि प्लेटिंग चौथीकडे. यातला एक जण चुकला की सगळ्यांचा माल अडकतो. म्हणून ‘काम कोणाला द्यायचं’ हा इथला रोजचा प्रश्न आहे.

कोटेशनमध्ये न दिसणारी माहिती

दर कोटेशनवर असतो. पण खरे प्रश्न वेगळेच असतात:

- या महिन्यात कोणाचं व्हीएमसी मशीन रिकामं आहे?
- कोणती कंपनी पैसे वेळेवर देते आणि कोण चार-चार महिने फिरवतं?
- माल रिजेक्ट झाला तर कोण फोन उचलतो आणि कोण उचलत नाही?

ही उत्तरं कोणी ग्रुपवर लिहीत नाही. ग्राहक कंपनीबद्दल लेखी काही बोलणं महागात पडू शकतं. चहा घेताना, समोरच्याचा अंदाज घेऊनच ती सांगितली जातात. शिवाय ‘त्यांना माझं नाव सांगा’ असं म्हणणारा माणूस स्वतःची पत पणाला लावत असतो. त्यामुळे त्याच्या शिफारशीला किंमत असते.

जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळख का कामाला येते?

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा एक गाजलेला लेख आहे. त्याचं सार असं: जवळच्या मित्रांना बहुधा तेच माहीत असतं जे आपल्याला आधीच ठाऊक असतं. नवी माहिती तोंडओळखीच्या माणसांकडून येते, कारण त्यांचं वर्तुळ वेगळं असतं.

हे इथल्या गाळ्याला तंतोतंत लागू होतं. एकाच वाहन कंपनीचं काम करणारे दहा मित्र असतील, तर मंदी आली की दहाही जण एकाच दिवशी रिकामे होतात. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घटली होती. डिसेंबर २०२० मध्ये जनरल मोटर्सच्या तळेगाव कारखान्यातलं उत्पादन थांबलं. अशा वेळी पंप, शेतीची अवजारं किंवा वैद्यकीय उपकरणं बनवणारी एखादी ओळख असेल, तर मशीन चालू राहू शकतं. मात्र ती ओळख मंदी येण्याआधी झालेली असावी लागते.

कुठे भेटता येतं?

- मराठा चेंबर (एमसीसीआयए): १९३४ पासून पुण्यात काम करणारी उद्योजकांची संस्था.
- स्थानिक संघटना: पिंपरी-चिंचवड लघुउद्योग संघटना, फेडरेशन ऑफ चाकण इंडस्ट्रीज. रस्ते, वीज, पाणी या प्रश्नांसाठी एकत्र आलेली माणसं पुढे एकमेकांना कामही देतात.
- प्रदर्शनं: चिंचवडचं ऑटो क्लस्टर आणि मोशीचं प्रदर्शन केंद्र.
- रेफरल गट: माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब, किंवा १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं बीएनआय.

या भागात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. कोणाला निवांत भेटायचं असेल तर तो दिवस सोयीचा.

जाताना काय लक्षात ठेवाल?

- ‘आम्ही सगळं करतो’ असं सांगू नका. कोणता धातू, किती मोठा पार्ट, किती अचूकता आणि महिन्याला किती नग, हे सांगा.
- दोन दिवसांत फोन करा, मशीनची यादी पाठवा आणि शेड बघायला बोलवा.
- वार्षिक फी भरण्याआधी पाहुणे म्हणून एकदा जाऊन या. तिथल्या किती जणांना तुमचं काम खरंच लागतं, ते मोजा.

ओळख आहे म्हणून कागद सोडू नका

‘घरचीच माणसं आहेत, पीओ कशाला?’ इथूनच अनेकांचे पैसे अडकायला सुरुवात होते. एमएसएमई कायदा २००६ नुसार, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. या संरक्षणासाठी ‘उद्यम’ नोंदणी आधीच करून ठेवा. तक्रार ऑनलाइन करता येते, पण तिथे पीओ, चलन आणि बिल दाखवावं लागतं.

दुसरी अडचण वर्तुळाची. गाव, नातं, कॉलेज यांवर जमलेल्या गटात नवख्या माणसाला आणि महिला उद्योजकांना शिरकाव मिळणं अवघड जातं. तुम्ही आधीपासून अशा गटात असाल, तर पुढच्या बैठकीला एका नव्या उद्योजकाला सोबत न्या. तुमच्या गटात नसलेली माहिती त्याच्याकडे असू शकते.