दलालीचा किल्ला

जागेचा व्यवहार एकदाच होतो. दलालीचा वाद मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. खोटं वाटत असेल तर हर्ण्याच्या समुद्रात उभा असलेला सुवर्णदुर्ग बघा.

१७५५ साली नानासाहेब पेशव्यांना हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून हवा होता. घेणारे पेशवे, देणारे आंग्रे (त्यांना द्यायचा नव्हता, ही गोष्ट वेगळी!) आणि मध्यस्थ मुंबईचे इंग्रज. मेहनताना आधीच ठरला होता : किल्ला पेशव्यांना, बाणकोट इंग्रजांना. एप्रिलात कमोडोर जेम्सने तोफा डागून सौदा पटवला आणि पुढे बोलल्याप्रमाणे देणंघेणं झालं. 'काम सगळं आमचं, मराठ्यांची गलबतं लांबच राहिली,' असं इंग्रज लिहून गेलेच. स्वतःचे कष्ट कमी सांगणारा मध्यस्थ इतिहासालाही ठाऊक नाही. जेम्स वारल्यावर त्याच्या पत्नीने १७८४ साली लंडनच्या शूटर्स हिलवर सुवर्णदुर्गाच्या नावाने मनोरा बांधला. तो अजून उभा आहे. जागा हर्ण्याची, पाटी लंडनला!

पुढच्या वर्षी विजयदुर्गाच्या वेळी मात्र बिनसलं. मुंबईहून गलबतं हलण्याआधीच लुटीत क्लाइव्हचा वाटा किती, यावर आरमारी अधिकाऱ्यांत वाद झाला. फेब्रुवारी १७५६ मध्ये किल्ला पडला. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. पेशव्यांच्या हाती कवडी नाही. वर किल्लाही सोडेनात. अखेर ऑक्टोबरात पुण्याला तह झाला, तेव्हा कुठे ताबा मिळाला.

एवढा इतिहास सांगायचं कारण म्हणजे आम्ही हर्ण्याचं वडिलोपार्जित घर विकलं. दापोलीचे एक निवृत्त मास्तर स्वतःहून आले, दादाशी आणि माझ्याशी बोलले, व्यवहार ठरला. मध्ये कोणी नाही. पण दस्त नोंदवून बाहेर पडतो तोच तीन दलाल हजर! पहिला म्हणाला, "घर विकायचंय हे मास्तरांना एस्टीत मी सांगितलं." दुसऱ्याने त्यांना लांबून घर दाखवलं होतं. तिसऱ्याचं म्हणणं, त्याने दुसरं गिऱ्हाईक आणलं नाही म्हणूनच हे पटलं. प्रत्येकी दोन टक्के!

मी बँकेतला कारकून, त्यातून बी. कॉम. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २१९ ऐकवलं : वेगळं ठरलं नसेल तर काम पुरं झाल्याखेरीज एजंटाचा मोबदला देय होत नाही. आणि इथे तर काम कोणी सांगितलंच नव्हतं! पहिला हसून गेला. दुसरा चहावर मिटला. तिसरा अजून मासळीच्या लिलावात भेटला की तोंड फिरवतो.

खरी गोम पुढेच आहे. घर विकलं गेलं ते शेजारच्या काकूंमुळे. अकरा वर्षं किल्ली त्यांच्याकडे. दर पावसाळ्याआधी घर शाकारून घेणाऱ्या त्याच. मास्तर पाहायला आले तेव्हा दार त्यांनीच उघडलं आणि आम्ही सांगण्याआधीच सांगून टाकलं, "मागची भिंत पाझरते. विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. बाकी घर चांगलं आहे." मास्तर नंतर म्हणाले, "ज्या घराची खोड शेजारीण सांगते, तिथे आणखी काय लपणार?"

तीन दलालांना नाही म्हणताना कलम आठवलं. काकूंना द्यायला एकही कलम सापडेना. दादा आणि मी पाकीट घेऊन गेलो. काकूंनी ते हातानेच मागे सारलं.

"आधी ठरलं होतं का रे?"

"नाही, पण..."

"मग नको. ठरलं असतं तर मोजून घेतले असते!"

आता मास्तरांनीही किल्ली काकूंकडेच ठेवली आहे. मी त्यांना एवढंच सांगितलं, "मास्तर, काय द्यायचं ते आजच ठरवून टाका."