पुया : आगीतून उरलेला वारसा

मणिपूरच्या मैतेई समाजाच्या प्राचीन हस्तलिखितांना 'पुया' म्हणतात. शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे धर्मपोथी येते. परंतु पुयांचा पसारा पुष्कळ मोठा आहे. विश्वोत्पत्तीच्या कथा, राजवंशांचे वृत्तान्त, जुनी स्थलांतरे, पूजाविधी, शकुन असे सारे त्यांत सामावते. मायचौ म्हणजे विद्वान मंडळी त्यांची राखण करीत. लिपी मैतेई मयेक. तिच्या अक्षरांना शरीराच्या अवयवांची नावे आहेत : 'कोक' म्हणजे डोके, 'साम' म्हणजे केस, 'मीत' म्हणजे डोळा, 'ना' म्हणजे कान.

१७०९ साली गादीवर आलेला राजा पामहैबा पुढे गरीबनवाज या नावाने ओळखला गेला. सिल्हेटहून आलेल्या शांतिदास गोसाईंच्या प्रभावाखाली त्याने वैष्णव धर्माला राजाश्रय दिला आणि जुन्या पुया जाळविल्या. या घटनेचे वर्ष सामान्यतः १७२९ सांगतात. 'पुया मैथाबा' या नावाने तिचे स्मरण दरवर्षी वाकचिंग महिन्यात केले जाते. यथावकाश बंगाली लिपी रूढ झाली आणि मयेक जाणणारे विरळ होत गेले.

तरीही सर्व काही नष्ट झाले नाही. 'चैथारोल कुम्बाबा' ही राजदरबाराची बखर विसाव्या शतकापर्यंत लिहिली जात राहिली. काही पुया घराघरांतून टिकल्या. मात्र आज उपलब्ध असलेल्या अनेक पोथ्या उत्तरकालीन नकला आहेत, त्यामुळे त्यांतील मूळ किती आणि भर किती, हा वाद अभ्यासकांत चालू आहे. जळिताच्या आठवणीमुळे प्रत्येक सापडलेल्या पोथीवर विश्वास ठेवावासा वाटतो. ती ओढ आम्ही समजू शकतो. पण पाठचिकित्सेला ती पर्याय नव्हे.

या आठवणीला एक विषण्ण करणारी दुसरी बाजूही आहे. १३ एप्रिल २००५ रोजी मयेकच्या पुनःस्थापनेची मागणी करणाऱ्या आंदोलकांनी इंफाळचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पेटविले. हजारो पुस्तके खाक झाली. बंगाली लिपीत छापलेले मणिपुरी साहित्यही त्याच समाजाने घडविलेले होते, हे त्या क्षणी विसरले गेले. मागणी न्याय्य होती. मयेक पुढे शाळांतून शिकवलीही जाऊ लागली. परंतु पुयांचे ऋण ग्रंथ जाळून फिटत नाही. ज्यांनी त्या घरात लपवून, नकला करून पुढच्या पिढीच्या हाती दिल्या, त्यांचा मार्ग आम्हांस अधिक अनुकरणीय वाटतो.