उंबऱ्याच्या आत आणि बाहेर : घरच्या जनावरांविषयी शब्दांची साक्ष

घराच्या इतिहासाची साधने म्हणून वाड्यांचे अवशेष, दस्तऐवज व प्रवाशांची वर्णने यांचा उपयोग अभ्यासक करीत आले आहेत. घरातील जनावरांविषयीच्या शब्दांकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. वस्तुतः कोणत्या जनावराला घरात कोठवर येऊ द्यावयाचे, यासंबंधीचे जुने संकेत या शब्दांत पुष्कळच सुरक्षित राहिले आहेत. सांगली व मिरज यांच्या लगतचे कुपवाड हे या दृष्टीने सोयीचे उदाहरण होय. एके काळचे हे शेतीचे गाव कारखान्यांची वसाहत होऊन वाढले व १९९८ साली सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. त्यामुळे परडे असलेले घर व सदनिका ही दोन्ही येथे शेजारी शेजारी आढळतात.

प्रथम 'पाळणे' हे क्रियापद घ्यावे. संस्कृत 'पालयति' म्हणजे रक्षण करतो, यापासून ते आले. मराठीत गाय पाळतात, दिलेला शब्द पाळतात, एकादशी पाळतात आणि सोवळेही पाळतात. 'पाळणा' हा शब्दही याच कुळातला. जनावर जवळ करणे व विटाळाची मर्यादा सांभाळणे या दोन्हींना एकच क्रियापद पुरावे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. 'पाळीव' या विशेषणात दुभत्या म्हशीपासून दारच्या कुत्र्यापर्यंत सर्वांचा समावेश होतो. केवळ हौसेखातर बाळगलेल्या प्राण्यासाठी जुन्या मराठीत वेगळा सर्वसामान्य शब्द रूढ झालेला दिसत नाही.

दक्षिण महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या जुन्या घरात बैलाची जागा बहुधा माणसांच्या जागेला लागूनच असे. सोप्याशेजारी वा घराच्या सखल भागात दावण, पुढे गव्हाण, मागे परडे. या भागात पोळ्याऐवजी बेंदूर पाळतात, आणि तोही दोन प्रकारचा : ज्येष्ठी पौर्णिमेचा कर्नाटकी व आषाढातला महाराष्ट्रीय. कोणता बेंदूर कोणत्या घरी, यावरून सीमेवरील संस्कृतिमिश्रणाचा एक स्वतंत्र निबंध होऊ शकेल.

मांजराचा अधिकार याहून मोठा. ते थेट चुलीपाशी जाते. 'मांजर' हा शब्द 'मार्जार' यापासून प्राकृतातील 'मंजार' या रूपाच्या द्वारे आला. मुळाशी 'मृज्', म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे, हा धातू मानतात. अंग चाटून स्वच्छ राहणाऱ्या प्राण्याला स्वयंपाकघर मोकळे असावे, हे या नावाशी सुसंगतच आहे. ('बोका' या शब्दाशी कानडी 'बेक्कु' ताडून पाहण्याचा मोह होतो, पण केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये.) मांजराला घराबाहेर घालविण्याऐवजी मराठी गृहिणीने दूधच उंच टांगले. शिंके ही वस्तू म्हणजे मांजर व दुभते या दोहोंना एकाच छपराखाली नांदविण्याची युक्ती होय. शिंके तुटल्यावर बोक्याचे फावते, ही म्हण त्या नित्याच्या तडजोडीतूनच निघाली.

कुत्र्याची गोष्ट निराळी. आंधळे दळते व कुत्रे पीठ खाते, या म्हणीत कुत्रे जात्यापाशी पोहोचले आहे. परंतु ते घुसलेले आहे, आणि पाहणारे कोणी नाही म्हणून घुसले आहे. त्याची खरी जागा उंबऱ्याबाहेर. कृष्णाकाठच्या औदुंबरास दत्तभक्तीचे मोठे क्षेत्र आहे. दत्ताच्या चित्रात चार कुत्री पायांशी असतात आणि ते चार वेद मानले जातात. तरीही भक्ताच्या घरी त्यांना माजघर मोकळे झाले नाही. वाटा मात्र होता. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाने कुत्रे, कावळे इत्यादींसाठी अन्न भूमीवर ठेवावे, असे सांगितले आहे. त्याच यादीत पतित व श्वपच यांचीही गणना केलेली आहे, हे विसरून चालणार नाही : कुत्र्याला बाहेर ठेवणारी रेषा माणसांनाही बाहेर ठेवीत होती. या व्यवस्थेचे कौतुक करताना एवढे भान असावे.

या वाट्यावर जगणारे कुत्रे कोणा एकाचे नसे, आणि बेवारसही नसे. ते आळीचे, गावचे असे. हे नाते इंग्रजी राज्यकर्त्यांना उमगले नाही. मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध ६ जून १८३२ रोजी पारशी लोकांनी दंगा केला व दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला. पारशी धर्मात मृत्युसमयीच्या 'सगदीद' विधीला कुत्र्याची दृष्टी लागते, हे त्यामागील एक कारण. पुढे १८३४ साली मुंबईत पांजरपोळ निघाली. पण मालकाचे व बेवारशी हे दोनच वर्ग कारभाराच्या भाषेत टिकले. २००१ च्या श्वान प्रजनन नियंत्रण नियमांतही कुत्र्यांची विभागणी पाळीव व रस्त्यावरची अशीच होती. २०२३ च्या नियमांनी 'समुदायाचे' प्राणी ही कल्पना आणली. आळीच्या कुत्र्याला कायद्यात नाव मिळण्यास एवढा काळ लागला. तोपर्यंत पुष्कळ ठिकाणी आळीच उरली नव्हती.

आळी मोडल्याचा परिणाम दोन्ही बाजूंनी झाला. सदनिकेत कुत्रे उंबरा ओलांडून आत आले, दिवाणावर बसू लागले. 'हाड' ऐकणाऱ्या कुळातला प्राणी 'सिट', 'कम' अशा आज्ञा ऐकू लागला, आणि व्याकरणातील नपुंसकलिंगी 'ते कुत्रे' जाऊन 'तो' अथवा 'ती' झाली. बाहेर राहिलेल्याला मात्र ओळखणारे कोणी राहिले नाही. लस न टोचलेल्या अशा कुत्र्याच्या चाव्याचे भय खरे आहे. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. त्या भयाला कुत्रेप्रेमाच्या नुसत्या उपदेशाने उत्तर मिळत नाही.

२०२३ च्या नियमांत अन्न घालण्याच्या जागेविषयी तरतूद आहे. ती जागा जिन्यापासून, इमारतीच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून व मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी आणि ती रहिवाशांच्या संस्थेने किंवा स्थानिक संस्थेने ठरवावी. जुन्या घरात ही जागा कोणी ठरवीत नसे. ती परड्यात असे.