चुलीचा हिशेब आणि मापाची मालकी

गरिबाला काटकसर शिकवण्याचा उद्योग आपल्याकडे फार जुना आहे. उत्पन्न पाहून खर्च करावा, आठवड्याचे जेवण आधी ठरवावे, किराणा महिन्याचा एकदम भरावा, म्हणजे पैसा पुरतो, असे त्याला सांगितले जाते. सल्ला चुकीचा नाही. परंतु ठरल्या तारखेला हातात पैसा येणार, हे त्यात गृहीत धरलेले असते. ज्या समाजाच्या हाती पिढ्यान् पिढ्या असा पैसा पडूच दिला गेला नाही, त्याच्या चुलीचा हिशेब कोणी मांडला आणि कोणत्या मापाने मांडला, हा इतिहासाचा प्रश्न आहे. तो आपण पुरेसा विचारलेला नाही.

गावगाड्यापासून सुरुवात करू. महाराने वर्षभर राबायचे. सरकारी सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरे ओढायची. त्याबदल्यात खळ्यावर धान्याचा वाटा आणि घरोघर मागून आणलेली भाकर. वाटा किती, भाकर ताजी की शिळी, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. उद्या काय शिजवायचे हे ठरवण्यासाठी उद्या काय मिळणार हे ठाऊक असावे लागते. बलुत्याने नेमकी हीच खात्री हिरावून घेतली होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याचे रूपांतर रोख पैशात करता यावे, अशी त्यात तरतूद होती. या विधेयकाकडे आपण स्वाभिमानाची मागणी म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण ती चुलीचीही मागणी होती. रोख पैसा हाती आला की काय विकत घ्यायचे हे माणूस स्वतः ठरवतो. हे वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

दुसरीकडे सरकार गरिबाच्या पोटाचे माप ठरवत होते. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मद्रास आणि मुंबई इलाख्यांतील दुष्काळी कामांवर पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्याइतकी, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, आणि वर एक आणा अशी खाली आणली. बाई आणि मूल यांना त्याहून कमी. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी याला विरोध केला. कष्टाच्या कामाला किमान दीड पौंड धान्य हवे, आणि त्याच्या जोडीला डाळ-भाजीही हवी, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. माणूस किती कमी खाऊन खडी फोडू शकतो, हा त्या मापामागचा प्रश्न होता. किती खाल्ले म्हणजे तो माणसासारखा जगेल, हा प्रश्न त्यात नव्हताच.

पुढे गाव सोडून आपली माणसे मुंबईच्या गिरण्यांत आली. तेथे रोख पगार होता. म्हणजे हिशेब करण्याची सोय झाली. पण तोही हिशेब जातीने आधीच करून ठेवलेला होता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. आणि अधिक मजुरी तर त्याच खात्यात होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली होती. तिचा अहवाल १९२३ साली निघाला. उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जात होता, आणि जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात होती. त्या अहवालाचा निष्कर्ष प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा असा आहे: मुंबईचा कामगार दुष्काळी संहितेने ठरवलेल्या कमाल धान्याइतके खातो, पण तुरुंगातील कैद्याला नियमाने मिळणाऱ्या शिध्यापेक्षा ते कमी भरते. सावकाराचा सर्वसाधारण दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर. अशा घरातल्या बाईला काटकसरीचे धडे देणारा कोण?

काटकसर तर तिच्याच हातात होती. कण्यांची आंबील, हुलग्याचे माडगे, बांधावरची घोळ आणि तांदुळजा, पावसाळ्यासाठी वाळवून ठेवलेले मांस, पैशाला पुरणारे सुकट-बोंबील, एका मुठीच्या डाळीत दहा जणांचे कोरड्यास. हे शास्त्र शाळेत शिकवले गेले नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकाने मराठवाड्यातील महार-मांगांची ही खाद्यपरंपरा प्रथमच इतक्या तपशिलाने नोंदवली. माझी आई आठवडी बाजारात दिवस मावळताना जायची, कारण तेव्हा भाजी उतरलेली असते. तेल ती छटाकाने घ्यायची आणि त्यासाठी शेराने घेणाऱ्यापेक्षा जास्त दर मोजायची. हे तिला कळत नव्हते असे नाही. हातात मजुरी एका दिवसाची होती, म्हणून खरेदीही एका दिवसाची. महिन्याच्या किराण्याची यादी आमच्या घरात आली ती मला नोकरी लागल्यावर. शहाणपण त्या दिवशी आले नव्हते. त्या दिवशी पगार आला होता.

स्वातंत्र्यानंतर मापे बदलली; मापाची मालकी बदलली का? १९७१ साली दांडेकर आणि रथ यांनी रोज २२५० उष्मांकांचा निकष धरून दारिद्र्याची रेषा आखली. १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात दरडोई महिना १५ रुपये, म्हणजे दिवसाला आठ आणे. एवढेही ज्यांना मिळत नाही असे लोक खेड्यांत सुमारे ४० टक्के होते. देशाला आरसा दाखवणारे ते काम होते, यात वाद नाही. पण उष्मांकाच्या हिशेबात स्वस्तातले धान्य पोटभर खाल्ले की माणूस जेवला असे ठरते. १९७२ च्या दुष्काळात कामावरच्या मजुराने मिलो आणि सुकडी खाल्ली. उष्मांक मिळाले, आवडनिवड कोणी विचारली नाही. २०११ साली नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात खेड्यासाठी रोज २६ आणि शहरासाठी ३२ रुपयांची रेषा सांगितली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील माणसाला महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा हक्क मोठा आहे आणि तो राखलाच पाहिजे. पण त्याचा रोजचा हिशेब सुमारे १६७ ग्रॅम येतो. टेंपलची ती मजुरी होती आणि हा आधार आहे, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी ठेवून सरळ तुलना करता येणार नाही. मात्र एक गोष्ट तशीच राहिली आहे. कायद्याचे माप अजून धान्याचेच आहे. कॉर्निश यांनी मागितलेली डाळ-भाजी आजही त्या मापाबाहेर आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना एक काम सुचवावेसे वाटते. आपल्या वस्तीतील दहा घरांचा महिन्याचा चुलीचा हिशेब लिहून काढा. आकडे घरातील बाईच्या तोंडून घ्या. काय घेतले, कितीला घेतले, उधारीवर किती, आणि काय घ्यायचे होते पण राहून गेले, तेही लिहा. हा शेवटचा रकाना आजवरच्या पाहण्यांत फारसा दिसत नाही. किमान वेतनाची, वसतिगृहाच्या भोजनभत्त्याची, रेशनवर डाळ-तेलाची मागणी करताना हाच रकाना आपला पुरावा ठरेल. गरिबाने किती कमीत भागवावे, याचे गणित दीडशे वर्षे इतरांनी मांडले. माणसाला किती लागते, याचे गणित आता आपण मांडले पाहिजे.