सकाळचा उस्ताद, दुपारचा प्रतिस्पर्धी

जपानी शिकणारी मंडळी हल्ली गट करून कांजी घोटतात, तेव्हा ती काही नवे करत नाहीत. चीनमधून आलेली ही हजारो अक्षरे खुद्द जपानी लोकही असेच जमून शिकले आहेत.

एदो काळात (1603-1868) पहिली पायरी असे 'सोदोकु'. लहान पोराने गुरूसमोर बसून कन्फ्यूशियसचे ग्रंथ मोठ्याने म्हणायचे, अर्थ विचारायचा नाही. मकतबात नाजरा शिकलेल्यांना हे वेगळे समजावायला नको. पुढची पायरी 'काईदोकु', म्हणजे एकत्र वाचन. एकाने उताऱ्याचा अर्थ लावायचा, बाकीच्यांनी शंका काढून त्याला घेरायचे. गुरू बहुधा गप्प. वाद अडला तरच निवाडा देई.

क्योतोतल्या व्यापारी घरातला इतो जिनसाई याने 1662 साली अशा चर्चेसाठी 'दोशिकाई' हे मंडळ काढले. ओग्यू सोराईने 1711 मध्ये एदोत 'याकुशा' सुरू केले. सोराईचे म्हणणे तिखट होते: आपण चिनी वाक्ये जपानी क्रमात फिरवून वाचतो, म्हणून ही परकी भाषा आहे हेच विसरतो. मग त्याने बोलीभाषेतील चिनी येणारा ओकाजिमा कानझान शिक्षक म्हणून आणला.

पण खरी गंमत फुकुझावा युकिचीच्या आत्मचरित्रात आहे. नाकात्सु संस्थानातल्या खालच्या दर्जाच्या सामुराई घरातला हा मुलगा. चिनी शिकायला चौदा-पंधराव्या वर्षी, म्हणजे फार उशिरा बसला. सकाळी ज्याच्याकडून नुसते वाचन शिकायचे, त्यालाच दुपारच्या काईदोकुत तो हरवी! वरच्या दर्जाच्या घरांतली मुलेही अभ्यासात त्याच्यापुढे टिकत नसत. मात्र बाहेर खेळतानाही तो त्यांच्याशी अदबीने बोले आणि ती त्याला अरे-तुरे करत. उतारा लावताना कुणी खानदान विचारत नसे; दाराबाहेर मात्र तेच सर्वस्व होते. जन्मावर माणसाची पायरी ठरवणाऱ्या या व्यवस्थेला त्याने पुढे आपल्या बापाची वैरीण म्हटले. बाप विद्याप्रेमी होता, पण हलक्या हुद्द्यावर हिशेब करतच मेला.

याच फुकुझावाने 1873 मध्ये मुलांसाठी 'मोजी नो ओशिए' हे पुस्तक लिहिले. दोन-तीन हजार कांजी पुरेत, अवघड अक्षरे हळूहळू सोडावीत, असे त्यात सुचवले, आणि पुस्तक स्वतः हजाराहून कमी अक्षरांत भागवले. जपान सरकारच्या 2010 च्या नित्य वापराच्या यादीत 2136 अक्षरे आहेत.