‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ आणि त्याचे प्रेक्षक : एका अल्पखर्ची भयपटाच्या स्वीकाराचा इतिहास

चित्रपटाच्या इतिहासाची साधने मुख्यतः निर्मितीविषयी बोलतात. करारपत्रे, पटकथेचे खर्डे, जमाखर्चाचे कागद, दिग्दर्शकांच्या मुलाखती ही सर्व चित्रपट तयार होईपर्यंतची हकीकत सांगतात. तो पाहणाऱ्या माणसाच्या मनात काय घडले याची नोंद क्वचितच उरते, आणि उरली तर ती बहुधा दुसऱ्याच कोणी केलेली असते. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या १९६८ च्या अमेरिकन भयपटाच्या बाबतीत मात्र अशा नोंदी बऱ्याच मिळतात. शिवाय त्या निरनिराळ्या प्रेक्षकवर्गांविषयी असल्यामुळे त्यांची परस्परांशी तुलना करता येते. भयपटातील भय चित्रपटातच साठविलेले असते, की प्रेक्षक बरोबर घेऊन येतो त्या संकेतांवर ते अवलंबून असते, हा प्रश्न या तुलनेतून तपासून पाहण्याजोगा आहे.

(१)

हा चित्रपट हॉलिवुडमध्ये तयार झाला नाही. पिट्सबर्ग शहरात जाहिरातपट व औद्योगिक चित्रपट करणाऱ्या जॉर्ज रोमेरो, जॉन रूसो आदी तरुणांनी ‘इमेज टेन’ नावाची संस्था काढली. आरंभी दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घातले. पुढे भांडवल वाढत जाऊन एकूण खर्च सुमारे १,१४,००० डॉलरपर्यंत गेला. पेनसिल्व्हेनियातील एव्हान्स सिटी या गावाजवळ १९६७ मध्ये कृष्णधवल चित्रीकरण झाले. नट बहुतेक अपरिचित होते, काही तर भांडवल घालणारेच होते. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरण्यात आला.

कथानक थोडक्यात असे. मृत माणसे उठून जिवंतांना खाऊ लागतात. एका शेतघरात सात माणसे अडकतात. त्यांतील बेन हा खंबीर तरुण इतरांना धीर देतो. पण आपसांतील भांडणामुळे एकामागून एक सर्व मरतात. तरुण जोडपे जळून मरते, आजारी मुलगी मरून उठते आणि आपल्या आईचाच जीव घेते. रात्रभर तगलेल्या एकट्या बेनला सकाळी बंदूकधारी शोधपथक प्रेत समजून गोळी घालते. ‘अमेरिकन इंटरनॅशनल’ या वितरण संस्थेने शेवट आशादायक करण्याची मागणी केली. निर्मात्यांनी ती मानली नाही. अखेरीस वॉल्टर रीड यांच्या संस्थेने वितरण स्वीकारले, आणि १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गच्या फुल्टन चित्रपटगृहात पहिला खेळ झाला.

(२)

पहिली प्रतिक्रिया व्यावसायिक समीक्षकांची. ‘व्हरायटी’ या चित्रपटव्यवसायाच्या पत्राने त्याच महिन्यात चित्रपटाचा कडक निषेध केला. निर्मात्यांबरोबर वितरक व प्रदर्शक यांनाही त्याने दोषी धरले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये व्हिन्सेंट कॅनबी यांनी हौशी नटांचा एक खरबरीत चित्रपट म्हणून मोजक्या ओळींत त्याची बोळवण केली. या दोन्ही अभिप्रायांत प्रेक्षकाला प्रत्यक्ष स्थान नाही. तो येतो शिकागोच्या रॉजर ईबर्ट यांच्या लेखात.

५ जानेवारी १९६९ रोजी ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झालेला हा लेख चित्रपटापेक्षा प्रेक्षागृहाचेच वर्णन अधिक करतो. ईबर्ट यांनी हा चित्रपट दुपारच्या खेळाला, मुख्यतः मुलांच्या गर्दीत बसून पाहिला. प्रारंभी मुले आनंदाने किंचाळत होती. उत्तरार्धात प्रेक्षागृह जवळजवळ निःशब्द झाले. सुमारे नऊ वर्षांची एक मुलगी अगदी स्तब्ध बसून रडत होती. ईबर्ट यांच्या मते, या मुलांनी भयपट पूर्वीही पाहिले होते. परंतु हे काही वेगळेच होते, आणि त्यापासून स्वतःला सावरण्याचे कोणतेच साधन त्यांच्यापाशी नव्हते.

या वर्णनाचा अर्थ लावताना रसचर्चेतील एक भेद उपयोगी पडतो. अभिनवगुप्ताने भयानक रसाचे उदाहरण म्हणून ‘शाकुंतला’तील दुष्यंताच्या बाणापुढे धावणाऱ्या हरिणाचा प्रसंग घेतला आहे. तेथे सहृदयाला येणारी भयाची प्रतीती ‘मी भ्यालो’ किंवा ‘शत्रू भ्याला’ अशी कोणा एकाशी बांधलेली नसते. म्हणूनच ती आस्वाद्य ठरते. भय स्वतःचे झाले की रसास विघ्न येते आणि उरते ते लौकिक भय. शिकागोच्या त्या मुलांचे किंचाळणे हा पहिला प्रकार, त्यांची शांतता हा दुसरा. या दोहोंच्या मधली सीमा कशाने ओलांडली गेली? नुसत्या रक्ताने नव्हे. नायक वाचतो, प्रेमिक सुटतात, मूल निष्पाप असते, सकाळ झाली की संकट टळते, हे दुपारच्या भयपटांनी मुलांना शिकविलेले संकेत होते. त्या संकेतांच्या आधारावरच ती निर्धास्तपणे किंचाळत होती. चित्रपटाने ते एकेक करून मोडले. भाषेतही हेच दिसते : संकेत दोघांनाही ठाऊक असेपर्यंत थट्टा ही थट्टा असते, एकाला तो ठाऊक नसला की त्याच वाक्याचा घाव होतो.

तारखाही येथे बोलक्या आहेत. वयानुसार चित्रपटांचे वर्गीकरण करण्याची अमेरिकन व्यवस्था १ नोव्हेंबर १९६८ रोजी, म्हणजे पिट्सबर्गच्या खेळानंतर बरोबर एक महिन्याने अमलात आली. चित्रपट त्या फटीतून निसटून मुलांच्या खेळांत पोहोचला होता. ईबर्ट यांचा रोख होता तो मुख्यतः मुलांना आत सोडणाऱ्या प्रौढांवर. चित्रपट स्वतः आपणांस आवडला होता, असे त्यांनी पुढे स्पष्ट केले. परंतु जून १९६९ मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’ने लेख पुनर्मुद्रित केल्यावर तो सर्वत्र चित्रपटाविरुद्धची साक्ष म्हणूनच वाचला गेला. प्रतिक्रियेच्या नोंदीवरही अशी प्रतिक्रिया होते, हे इतिहासकाराने विसरता कामा नये. ज्यांच्याविषयी एवढे लिहिले गेले, त्या मुलांचा स्वतःचा शब्द मात्र या लेखात ऐकू येत नाही.

(३)

दोन वर्षांत त्याच चित्रपटाला वेगळा प्रेक्षक मिळाला. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात तो दाखविण्यात आला, आणि त्यानंतरच्या काळात मध्यरात्रीच्या खेळांना तरुणांची गर्दी होऊ लागली. या प्रेक्षकाला शेवट ठाऊक असे. पुष्कळदा तो दुसऱ्या-तिसऱ्यांदा आलेला असे. मुलांना ज्याने असहाय केले, ते संकेतभंजनच त्याला हवे होते.

बेनची भूमिका डुएन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली होती. पटकथा त्या दृष्टीने लिहिलेली नव्हती, आणि संवादांत बेनच्या वर्णाचा एकदाही उल्लेख नाही. परंतु ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. चित्रपटाची प्रत मोटारीतून न्यूयॉर्कला नेत असताना ती वार्ता रेडिओवर ऐकल्याचे रोमेरो पुढे सांगत असत. बंदुका व कुत्री घेतलेले गौरवर्णीयांचे पथक, कृष्णवर्णीय नायकाला घातलेली गोळी, आणि शेवटी वर्तमानपत्री छायाचित्रांसारखी स्थिर दृश्ये, ज्यांत बेनचे प्रेत आकड्यांनी उचलून चितेवर नेले जाते : वर्णद्वेषी झुंडबळींचा इतिहास ज्याला ठाऊक होता, त्याला यात कल्पित भूतकथा दिसणे कठीण होते. लेखकाने न घातलेला अर्थ येथे प्रेक्षकाने चित्रपटावर लादला, असे म्हणणे योग्य होणार नाही. तो अर्थ त्या समाजाच्या दृश्यभाषेतच होता. जोन्स यांच्या निवडीने तो चित्रपटात आला आणि प्रेक्षकाने तो ओळखला.

या नव्या प्रेक्षकवर्गाच्या वाढीला एका चुकीचाही हातभार लागला. ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’ हे आधीचे शीर्षक वितरकाने बदलले, तेव्हा शीर्षकपट्टीवरील स्वामित्वहक्काची सूचना गळली. तत्कालीन कायद्याप्रमाणे त्यामुळे चित्रपट कोणालाही दाखविण्यास मोकळा झाला. निर्मात्यांचे नुकसान झाले. प्रेक्षक मात्र दूरचित्रवाणीवर व चित्रफितींवर वाढतच राहिले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

(४)

प्रेक्षकांच्या सामर्थ्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा एका शब्दात आहे. आज ‘झोंबी’पटांचा आद्य नमुना मानल्या जाणाऱ्या या चित्रपटात ‘झोंबी’ हा शब्द एकदाही येत नाही. तेथील वृत्तनिवेदक ‘घूल’ म्हणतात. हा शब्द इंग्रजीत अरबीतून आला असून प्रेते खाणारे पिशाच्च असा त्याचा अर्थ आहे. ‘झोंबी’ची परंपरा निराळी आहे. मूळ पश्चिम आफ्रिकी असलेला हा शब्द हैतीच्या लोकसमजुतींत रुजला. तेथे त्याचा अर्थ मांत्रिकाने उठविलेला, इच्छाशून्य, धन्यासाठी राबणारा मृत असा होता. विल्यम सीब्रूक यांचे १९२९ चे पुस्तक आणि १९३२ चा ‘व्हाइट झोंबी’ हा चित्रपट यांनी तो अमेरिकेत रूढ केला. रोमेरो यांच्या मनातही सुरुवातीला आपली प्रेते म्हणजे झोंबी नव्हते. हे नाव दिले ते प्रेक्षकांनी व समीक्षकांनी, आणि १९७८ च्या ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये ते संवादात आले. धन्याचा गुलाम हा अर्थ मागे पडून धनीच नसलेला भुकेला समुदाय हा अर्थ पुढे आला. अर्थांतराची इतकी जवळून पाहता येणारी उदाहरणे थोडी आहेत.

मराठीत कुस्ती, झटापट या अर्थाचा ‘झोंबी’ शब्द पूर्वीपासून आहे. तरीही २०२२ मध्ये ‘झोंबिवली’ हा मराठी चित्रपट आला, तेव्हा त्याच्या शीर्षकातील डोंबिवलीवरची कोटी नव्या अर्थाच्या परिचयावरच उभी होती. हैतीच्या मळ्यांतून निघालेला शब्द पिट्सबर्गच्या प्रेक्षकांकरवी अर्थ पालटून मराठी शब्दाच्या शेजारी येऊन बसला.

तात्पर्य, १९६८ पासून चित्रफितीवरील दृश्ये तीच राहिली. बदलले ते ती पाहणाऱ्यांपाशी असलेले संकेत. म्हणून भयपटाविषयीच्या वादात ‘हा चित्रपट घातक आहे काय’ या प्रश्नाबरोबर ‘तो कोणासमोर, कोणत्या वेळी, कोणत्या पूर्वसूचनेनिशी दाखविला गेला’ हा प्रश्नही विचारला पाहिजे. शिकागोच्या त्या मुलीला या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारा कोणी प्रेक्षागृहाच्या दारात उभा नव्हता.